खरखर मोजणारा माणूस : कार्ल जान्स्की

मी मूळचा उमरीचा. उमरी म्हटलं की आमच्या नांदेडकडची जुनी माणसं लगेच बँकेची गोष्ट काढतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ साली, आमच्या गावची बँक लढ्यासाठी लुटली गेली, आणि तेव्हापासून गावाला जी ओळख मिळाली ती अजून पुसलेली नाही. मी मात्र आज बँकेची गोष्ट सांगणार नाही. उमरीच्या शेतात मला भेटलेल्या एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगणार आहे. भेटला म्हणजे तसा प्रत्यक्ष नाही, तो १९५० सालीच वारला. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये माझी जी फजिती झाली, तिच्यातून त्यानंच मला बाहेर काढलं.

आधी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. आमच्या प्रोजेक्टचा विषय होता वायरलेस सेन्सर नेटवर्क. कापसाच्या शेतात बारा नोड लावायचे, त्यांनी मातीतली ओल मोजायची, एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असं करत ती माहिती आखाड्यावर ठेवलेल्या गेटवेपर्यंत पोचवायची. मधे टॉवर नाही की केबल नाही, जो जवळ असेल त्याच्या खांद्यावर निरोप द्यायचा. यालाच ॲड-हॉक नेटवर्क म्हणतात. नोड होते झिगबीचे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे, ताकद एक मिलीवॅट.

होस्टेलच्या खोलीत टेस्ट केली तेव्हा संध्याकाळी निम्मी पॅकेट गायब व्हायची आणि पहाटे तीनला सगळी बरोबर पोचायची. याचं कारण सांगायला कुणी ज्योतिषी नको. संध्याकाळी अख्खं होस्टेल वाय-फायवर पिक्चर बघत असतं, आणि वाय-फाय पण त्याच २.४ मध्ये. आम्ही नोड २६ नंबरच्या चॅनेलवर नेले, तो वाय-फायच्या ११ नंबरच्या चॅनेलच्या पलीकडं, २४८० मेगाहर्ट्झला आहे, आणि प्रश्न मिटला. मग तीच हुशारी घेऊन आम्ही उमरीला गेलो. शेतात वाय-फाय नाही, आजूबाजूला कुणी नाही, तरी रोज काही वेळ पॅकेट जायची. मी रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहिलं, पॅकेट लॉसचं कारण रेडिओ इंटरफिअरन्स. सरांनी रिपोर्ट वाचला आणि परत दिला. किती इंटरफिअरन्स, कुठून, किती वाजता, एवढंच विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. जाताना ते म्हणाले की लायब्ररीत जाऊन जान्स्की वाच आणि मग ये.

मला वाटलं जान्स्की म्हणजे रशियन असणार. निघाला अमेरिकन, आणि तोही आपल्यासारखाच इंजिनिअरिंग कॉलेजच्या वातावरणात वाढलेला. कार्ल गुथे जान्स्कीचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ चा, ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावचा. वडील तिथल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगचे डीन होते. त्यांचे एक आवडते शिक्षक होते, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक कार्ल गुथे, त्यांचं नाव त्यांनी पोराला ठेवलं. पुढं वडील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि पोरगा मॅडिसनला वाढला. तिथंच १९२७ साली त्यानं फिजिक्समध्ये पदवी घेतली. बर्फावरच्या हॉकीच्या टीममध्ये तो खेळायचा. याच वयात त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार असल्याचं कळलं, ब्राइट्स डिसीज म्हणत त्याला तेव्हा. त्या काळी यावर इलाज नव्हता. पथ्य पाळायचं आणि जगता येईल तेवढं जगायचं.

१९२८ साली त्यानं बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये अर्ज केला. मेडिकलमध्ये नापास झाला. आपल्याकडं कॅम्पसला मेडिकल म्हणजे उंची-वजन आणि चष्म्याचा नंबर, पण तिथं आजारी माणूस नोकरीत घ्यायचा तर कंपनी दहादा विचार करायची. त्याचा दहा वर्षांनी मोठा भाऊ सिरिल रेडिओ इंजिनिअर होता, बेलमधल्या लोकांशी त्याची ओळख होती, त्यानं शब्द टाकला. मग नोकरी मिळाली, पण न्यूयॉर्कच्या गर्दीत न ठेवता त्याला न्यू जर्सीत, क्लिफवूड या खेड्यातल्या स्टेशनवर पाठवलं. मोकळी हवा, तब्येतीला बरं. नंतर तेच खातं जवळच्या होमडेलला शेतजमिनीवर हललं. आजार नसता तर हा माणूस शहरातल्या एखाद्या लॅबमध्ये बसला असता आणि पुढचं सगळं घडलंच नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

त्याला काम दिलं होतं ते अगदी माझ्या रिपोर्टमधलं. १९२७ पासून अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात रेडिओवरून टेलिफोन सुरू झाला होता. तीन मिनिटांच्या बोलण्याला ७५ डॉलर पडायचे. आता एवढे पैसे मोजून माणसाला पलीकडचा आवाज न येता नुसती खरखर ऐकू यायला लागली तर तो काय म्हणेल? कंपनी लांब लहरींवरून लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर निघाली होती. तेव्हा शॉर्टवेव्हवर ही खरखर किती असते, कुठल्या दिशेनं येते, दिवसाच्या कुठल्या वेळी वाढते, हे मोजून दे, असं त्या तेवीस वर्षांच्या पोराला सांगितलं गेलं. हे कळलं की ॲन्टेना कुठल्या बाजूला तोंड करून उभी करायची ते ठरवता येईल. शोध वगैरे लावायला कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाची तक्रार मिटवायची होती.

त्याचे साहेब होते हॅराल्ड फ्रिस. हो, तेच. मोबाईल कम्युनिकेशनच्या पेपरला दर वर्षी जे फ्रिस ट्रान्समिशन इक्वेशन येतं ते यांचंच, आणि नॉईज फिगरची व्याख्याही. मला हे वाचून गंमत वाटली. ज्याचं सूत्र आपण पाठ करतो तो माणूस कुणाचा तरी साहेब असू शकतो, रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर करत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जान्स्कीनं जी ॲन्टेना बांधली तिचा फोटो जरूर बघा. लाकडी सांगाड्यावर पितळी नळ्या, लांबी सुमारे तीस मीटर, उंची सहा मीटर. खाली फोर्डच्या मॉडेल टी गाडीची चाकं लावलेली, आणि एक मोटर ती सगळी जत्रा गोल रुळावर फिरवायची. वीस मिनिटांत एक चक्कर. लोक तिला जान्स्कीचा मेरी-गो-राउंड म्हणायचे, आपल्या भाषेत जत्रेतला पाळणा. ऐकायची फ्रिक्वेन्सी २०.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १४.६ मीटर. जवळच्या खोपटात रिसीव्हर, आणि कागदाच्या रोलवर चालणारी पेन. ॲन्टेना फिरते आहे, पेन रेघ ओढते आहे, एवढाच कारखाना. एखाद्या दिशेनं खरखर येत असेल तर दर वीस मिनिटांनी त्या रेघेला एक उंचवटा यायचा. उंचवटा कुठं आला यावरून दिशा, किती उंच यावरून जोर, आणि कागद किती सरकला यावरून वेळ. दिशा, जोर, वेळ. सरांनी मला विचारलेले तीन प्रश्न ते हेच.

इथं थोडं आपल्या विषयाकडं वळतो. आपले सेन्सर नोड पण असंच काहीतरी करतात, फक्त गरिबीत. नोड पॅकेट पाठवायच्या आधी क्षणभर कान देतो, हवेत किती ऊर्जा आहे ते बघतो आणि आरएसएसआय नावाचा एक आकडा देतो. कुणी बोलत नसताना तो आकडा घेतला की तो झाला नॉईज फ्लोअर. दोन मेगाहर्ट्झच्या बँडला निव्वळ उष्णतेमुळं होणारा नॉईज सुमारे उणे १११ डीबीएम, त्यात रिसीव्हरचा स्वतःचा नॉईज धरला तर शंभरच्या आसपास. फ्लोअर याच्या वर गेला तर समजायचं की कुणीतरी आहे. पण कोण आहे, कुठं आहे, हे नोडला कळत नाही, कारण त्याला फिरणारी ॲन्टेना नाही. शिवाय जो ऐकतो तो पाठवणारा, आणि ज्याला त्रास होतो तो घेणारा. पाठवणाऱ्याच्या कानाशी शांतता असते आणि तिकडं घेणाऱ्याच्या कानाशी तिसराच कुणीतरी ओरडत असतो. याला हिडन टर्मिनल म्हणतात हे आपण सगळे पाच मार्कांसाठी लिहितो. पुस्तकात प्रत्येक नोडभोवती एक गोल काढतात, गोलात दुसरा कुणी बोलला की टक्कर, गोलाबाहेरचा निरुपद्रवी. हिशेबाला सोपं, पण खोटं. गोलाबाहेर लांब लांब बसलेल्या वीस जणांची कुजबुज एकत्र झाली की तिचीही बेरीज होते, आणि पॅकेट पडतं. म्हणून खरा हिशेब सिग्नल भागिले बाकी सगळ्यांची बेरीज अधिक नॉईज असाच करावा लागतो. आणि बाकी सगळे म्हणजे कोण, हे मोजल्याशिवाय समजत नाही.

जान्स्कीनं मोजलं. १९३१ च्या उन्हाळ्यानंतर नोंदी नियमित सुरू झाल्या. त्यानं खरखरीचे तीन ढीग केले. पहिला ढीग जवळच्या वादळांतल्या विजांचा, तुटक आणि जोरदार. दुसरा लांबच्या वादळांचा, ज्याच्या लहरी वरच्या आयनोस्फिअरवरून आपटून येतात. हे दोन्ही अपेक्षेप्रमाणे. (जाता जाता, विजांच्या या त्रासाचं मोजमाप आपल्याकडंही झालं आहे. पुण्यात १९५० च्या दशकात प्रा. एस. व्ही. सी. अय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या उष्ण कटिबंधातल्या वादळांमुळं रेडिओ ऐकणाऱ्याला किती त्रास होतो ते मोजलं होतं.) तिसरा ढीग मात्र विचित्र. अगदी हलका, एकसारखा फुस्स आवाज, विजेसारखा तुटक नाही. हेडफोनमध्ये रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉईजपासून वेगळा करणं कठीण. दुसरा कुणी असता तर त्यानं रिसीव्हरचाच दोष म्हणून सोडून दिला असता. खरं सांगतो, मी सोडून दिला असता. टेलिफोनच्या धंद्याच्या दृष्टीनं हा आवाज तसा किरकोळच होता. पण रेघेला दर वीस मिनिटांनी उंचवटा येत होता, म्हणजे आवाज एका दिशेनं येत होता, आणि रिसीव्हरच्या आतल्या नॉईजला दिशा नसते.

ती दिशा दिवसभर फिरायची. सकाळी पूर्वेकडं, दुपारी दक्षिणेकडं, संध्याकाळी पश्चिमेकडं. १९३१ चा डिसेंबर चालू होता आणि आवाजाची दिशा जवळजवळ सूर्याचीच होती. त्याला साहजिकच वाटलं, सूर्य. पण पुढच्या महिन्यांत आवाज सूर्याच्या पुढं पळायला लागला. दररोज थोडा थोडा लवकर. जान्स्की इंजिनिअर, खगोलशास्त्राचा त्याला गंध नव्हता. त्यानं घाईनं काही जाहीर केलं नाही, ॲन्टेना फिरत ठेवली. १९३२ चं अख्खं वर्ष नोंदी घेतल्या. डिसेंबर १९३२ मध्ये त्याचा पहिला पेपर छापून आला त्यात तीन ढिगांचं वर्णन होतं, पण तिसऱ्याचा उगम त्यानं मोकळाच सोडला होता.

स्केलेट नावाचा त्याचा एक सहकारी होता, ब्रिज खेळायला सोबत असायचा, त्याला खगोलशास्त्र येत होतं. जान्स्कीला तारकादिनाची वाट त्यानं दाखवली. हे जरा समजून घ्या, पुढं लागेल. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढं सरकते. त्यामुळं सूर्य पुन्हा डोक्यावर यायला २४ तास लागतात, पण एखादा तारा पुन्हा त्याच जागी यायला २३ तास ५६ मिनिटंच. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर १४४० मिनिटं भागिले ३६५, म्हणजे रोजची जवळपास चार मिनिटं. महिन्याला दोन तास. वर्षभरात पूर्ण एक दिवस, आणि पुन्हा पहिल्या जागी. जान्स्कीच्या वर्षभराच्या कागदावर नेमकं हेच होतं. आवाजाचं घड्याळ सूर्याचं नव्हतं, ताऱ्यांचं होतं. म्हणजे उगम पृथ्वीवर नाही, सूर्यावर नाही, सूर्यमालेतही नाही. दिशा निघाली धनू राशीकडची, जिथं आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. डिसेंबरात सूर्यही धनूच्याच बाजूला असतो, म्हणून सुरुवातीला दोघे एकत्र दिसले होते. नोंदी दोन महिन्यांत थांबवल्या असत्या तर उत्तर चुकीचं आलं असतं आणि ते बरोबर आहे अशी सगळ्यांची खात्रीही पटली असती.

त्याला नशिबाचीही साथ होती. १९३३ च्या आसपास सूर्यावरचे डाग अगदी कमी होते, त्यामुळं आयनोस्फिअर शांत, आणि २० मेगाहर्ट्झच्या लहरी बाहेरून आत येऊ शकत होत्या. सूर्य जोरात असता तर हाच दरवाजा बराच वेळ बंद राहिला असता.

एप्रिल १९३३ मध्ये वॉशिंग्टनला त्यानं हे सांगितलं. साहेबांच्या सावधपणामुळं भाषणाचं नाव ठेवलं होतं फुस्स जातीच्या वातावरणीय नॉईजबद्दल एक टिपण, अशा अर्थाचं. इतकं मवाळ नाव ठेवल्यावर कोण कान देणार? पण लगेच ५ मे १९३३ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली, आकाशगंगेच्या मध्यातून रेडिओ लहरी येतात. १५ मेला रेडिओवरून अमेरिकाभर तो फुस्स आवाज ऐकवला गेला. सत्तावीस वर्षांचा पोरगा, आणि घराघरात लोक हजारो वर्षांपूर्वी आकाशगंगेतून निघालेल्या लहरी ऐकत बसलेत. डोळ्यापुढं आणून बघा.

यापुढचा भाग मला वाचताना जड गेला. इतका मोठा शोध लागल्यावर पुढं काय व्हायला हवं? मोठी ॲन्टेना, दोन मदतनीस, चार वर्षांची मोकळीक. झालं काय, तर काहीच नाही. कंपनीच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. हा नॉईज ताऱ्यांकडून येतो, तो थांबवता येत नाही, टेलिफोनला त्याचा फारसा त्रासही नाही, चला पुढच्या कामाला. महामंदीचा काळ, बेलमध्येही आठवड्याला चारच दिवस काम आणि तेवढाच पगार. घरी बायको ॲलिस होती, पुढं दोन मुलं झाली. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओ येत नव्हता आणि रेडिओवाल्यांना तारे नको होते. जान्स्की १९३४ च्या सुरुवातीला घरी वडिलांना पत्र लिहितो त्यात कळवतो, की ताऱ्यांच्या लहरींवरचं काम आता थांबलं, साहेबांनी एकूण नॉईज मोजण्याच्या पद्धतींवर लावलं आहे, आणि हे काम काही तेवढं रंजक नाही. १९३५ साली त्यानं आणखी एक छोटा पेपर लिहिला. त्यात फुस्स आवाज एका ठिकाणाहून नाही तर अख्ख्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून येतो, केंद्राकडं जास्त, हे मांडलं. एक कोडं त्याला सुटलं नाही. तारेच आवाज करत असतील तर सर्वात जवळचा तारा, म्हणजे सूर्य, गप्प का? उत्तर १९५० च्या सुमारास पुढं आलं. आवाज ताऱ्यांचा नाहीच, आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा आहे.

फ्रिसनी त्याला अडवलं का? यावर नंतर बरीच वादावादी झाली. फ्रिसनी १९६५ साली लिहिलं की जान्स्कीनं हे काम पुढं चालू ठेवायची इच्छा आपल्याकडं कधी बोलूनच दाखवली नाही. थोरल्या भावाला ते पटलं नव्हतं. माझं मत विचाराल तर दोघेही खरं बोलत असतील. प्रकृती नाजूक, मेडिकलमध्ये नापास होऊन भावाच्या शब्दावर मिळालेली नोकरी, मंदीत बाहेर बेकारांच्या रांगा. असा माणूस साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून हट्ट धरेल का? तो बापाला पत्र लिहील. होस्टेलमधून आपण नाही का घरी फोन करतो, आणि सरांसमोर गप्प बसतो.

पण एक सांगायला हवं. साहेबांनी लावलेल्या त्या कमी रंजक कामाची दखल ताऱ्यांच्या शोधापुढं फारशी कुणी घेत नाही, आणि आपल्याला उपयोगी तेच आहे. १९३७ च्या पेपरात त्यानं दाखवलं की शॉर्टवेव्हवर चांगल्या रिसीव्हरची मर्यादा रिसीव्हर ठरवत नाही, बाहेरून ॲन्टेनात येणारा नॉईज ठरवतो. आणि तेव्हा माणसांचा आणि विजांचा उपद्रव नसेल तेव्हा तळाला उरतो तो ताऱ्यांकडचा. म्हणजे रिसीव्हर आणखी भारी करत बसण्यात अर्थ नाही. १९३९ मध्ये त्यानं निरनिराळ्या जातींचे नॉईज कसे मोजावेत यावर लिहिलं. ठिणगीसारख्या तुटक नॉईजचं शिखर बँडविड्थच्या प्रमाणात वाढतं, फुस्स जातीचा नॉईज बँडविड्थच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून सरासरी एक सांगते आणि शिखर दुसरंच सांगतं. आमच्या नोडचा आरएसएसआय हा सरासरीचा आकडा आहे हे मला हे वाचल्यावर लक्षात आलं. मधेच येऊन पॅकेट पाडून जाणारा झटका त्या सरासरीत विरघळून जातो.

तर आता माझ्या रिपोर्टकडं. मी पॅकेट लॉसची सगळी नोंद काढली आणि ढीग केले. एक ढीग सततच्या हलक्या लॉसचा. तो कापूस वाढला तसा वाढत गेला आणि पाऊस पडल्यावर आणखी वाढला. हा इंटरफिअरन्स नव्हताच, ओल्या पानांनी सिग्नल खाल्ला होता. दुसरा ढीग मात्र एकदम सगळे नोड तीन-चार मिनिटं गायब होण्याचा. किती वाजता ते बघितलं. एका आठवड्यात सकाळी, पुढच्या आठवड्यात रात्री, परत सकाळी. सूर्याचं घड्याळ नाही, ताऱ्यांचं तर नाहीच. मी तो कागद घेऊन बाबांसमोर बसलो. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले की ही तर थ्री-फेज यायची वेळ आहे. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकाच क्षणी सुरू होतात, व्होल्टेज धाडकन खाली येतं, आखाड्यावरचा गेटवे रिसेट होतो आणि नेटवर्क पुन्हा जुळायला तीन-चार मिनिटं लागतात. रेडिओ बिचारा निर्दोष. गेटवेला एक बॅटरी लावली आणि दुसरा ढीग संपला. बाबा सातवी शिकलेत. रिपोर्टच्या आभारात त्यांचं नाव टाकलं आहे.

जान्स्कीच्या मागं त्याचं काम पुढं नेलं ते ग्रोट रेबर नावाच्या एका रेडिओवेड्यानं. यानं बेलमध्ये नोकरी मागितली होती, मंदीमुळं मिळाली नाही. मग १९३७ साली व्हीटन गावात घराच्या परड्यात स्वखर्चानं साडेनऊ मीटरची डिश बांधली आणि दिवसा नोकरी, रात्री आकाश असं करत आकाशाचा नकाशा काढला. जान्स्की त्या काळात बेलमध्येच होता. महायुद्धात त्यानं पाणबुड्यांचे रेडिओ संदेश कुठून येतात ते दिशा लावून शोधण्याच्या कामात भाग घेतला आणि त्याबद्दल लष्कर-नौदलाकडून त्याचा गौरव झाला. नंतर मायक्रोवेव्ह रिपीटरसाठी कमी नॉईजचे ॲम्प्लिफायर. तब्येत ढासळत गेली. १४ फेब्रुवारी १९५० ला रेड बँक इथं तो गेला. वय ४४. तोवर इंग्लंड, ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र जोरात सुरू झालं होतं.

१९६४-६५ मध्ये त्याच होमडेलला, त्याच कंपनीचे पेन्झियस आणि विल्सन ॲन्टेनात उरणाऱ्या अशाच एका फुस्स आवाजाच्या मागं लागले. तो निघाला विश्वाच्या जन्माचा, आणि त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. जान्स्कीला कुठलं मोठं बक्षीस मिळालं नाही. १९७३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघानं रेडिओ तीव्रतेच्या एककाला त्याचं नाव दिलं. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीलाही त्याचं नाव दिलं.

हे एकक किती बारीक आहे ते मला खोडदला कळलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटरच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मधे एकत्र आणि सोळा वाय आकारात २५ किलोमीटर पर्यंत पसरलेल्या. विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, आम्ही मित्र गेलो होतो. मोबाईल बंद करायला लावले तेव्हा आमच्यातला एक जण कुरकुरला. मी परत येताना वहीवर हिशेब केला. आमचा एक मिलीवॅटचा नोड, ऊर्जा दोन मेगाहर्ट्झवर पसरलेली, आणि मधे काही आडवं नाही असं धरलं, तर २५ किलोमीटरवरून तो सुमारे ६४ लाख जान्स्की दिसेल. जीएमआरटी २.४ गिगाहर्ट्झवर बघत नाही म्हणून बरं, पण खेड्यातल्या विजेच्या तारेवर कुठं ठिणगी पडत असली तर ती मात्र तिच्या बँडमध्ये येते. तिथले इंजिनिअर ॲन्टेना घेऊन गावोगाव हिंडतात, कुठल्या खांबावर ठिणगी आहे ते शोधून काढतात आणि दुरुस्त करायला सांगतात. जान्स्कीचं मूळ काम हेच होतं, दिशा लावून उपद्रव शोधायचा. इथं ते तारे ऐकू यावेत म्हणून चालतं.

गेल्या आषाढात सुट्टीत गावी होतो. आमच्या आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आखाड्यावर आहे, त्याला १३ मीटरचा बँड आहे. जान्स्कीच्या १४.६ ला तो जवळचाच. आषाढात मध्यरात्रीच्या सुमारास धनू रास उमरीहून दक्षिणेला चाळीस अंशांवर असते. ढग होते, पण ढगांचं या लहरींना काही वाटत नाही. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला. खूप खरखर होती. मोबाईलचा चार्जर काढला तर निम्मी गेली. मग एलईडीचा दिवा घालवला, आणखी थोडी कमी झाली. लाईट गेली तेव्हा आणखी एक थर उतरला, आणि खाली एकसारखा हलका फुस्स आवाज उरला. त्यातला किती ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आणि किती धनू राशीकडचा, ते सांगता येईना. ट्रान्झिस्टर हातात धरून गोल फिरून बघितलं, पण एवढ्याशा एरियलला दिशा कसली. बाबा खाटेवरून बघत होते. काय शोधतोस म्हणाले. मी सांगितलं. थोडा वेळ तेही ऐकत बसले, मग लाईट आली, मोटर सुरू झाली आणि ते बारं द्यायला उठले.

– अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन